वाईट दिवसांतली देवाची सेवा: लहान मुलांना ती कशी शिकवावी

मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या तोंडावर आपल्या खान्देशातल्या रावेर-यावल पट्ट्यात वादळ येतं आणि घड लागलेल्या केळीच्या बागा अर्ध्या तासात आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं बांधावर उभी राहून पंचनामा, पीकविमा आणि सोसायटीचं कर्ज यांची बोलणी करतात. घरात पाच-सहा वर्षांच्या लेकराचा वेगळाच हिशोब चाललेला असतो. "आपण तर रोज देवाला दिवा लावतो. मग आपलीच केळी का पाडली?" धरणगाव-चोपड्याकडे बोंडअळीने कपाशी खाल्ली की हाच प्रश्न येतो. धुळे-शिंदखेड्याकडे पावसाने दगा दिला की येतो. आजी दवाखान्यातून परत आली नाही, तरी येतो.

मंदिरात रविवारी सकाळी मुलांना हरिपाठ शिकवताना हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. माझं ठाम मत असं की या प्रश्नाला मोठी माणसं जे उत्तर देतात, त्यावर त्या मुलाची पुढची श्रद्धा उभी राहते किंवा कोसळते. म्हणून आईवडील, आजी-आजोबा आणि मुलांचे वर्ग घेणाऱ्यांसाठी हे थोडं सविस्तर लिहितो आहे. वय साधारण चार ते दहा वर्षं धरलं आहे. उदाहरणं वारकरी घरातली आहेत, कारण मला तेच घर माहीत आहे. पण नवापूरकडच्या ख्रिस्ती घरात रात्रीची प्रार्थना असेल, सातपुड्यातल्या घरात देवमोगरा मातेचं मानणं असेल, तिथेही यातलं बरंच तसंच लागू पडेल.

पहिली पायरी: तीन उत्तरं तोंडातून जाऊ देऊ नका

"देव आपली परीक्षा घेतोय." मोठ्या माणसाला यातून धीर येतो. लहान मुलाला परीक्षा म्हणजे नापास होण्याची भीती. बागा पडल्या, म्हणजे आपण नापास झालो का, असं ते मनात धरतं.

"आपलंच काहीतरी चुकलं असेल." हे तर कधीच नको. मुलं आधीच सगळं स्वतःवर ओढून घेतात. आरतीच्या वेळी आपण हसलो, प्रसाद आधीच खाल्ला, म्हणून बाबांचं नुकसान झालं, असं खरोखर वाटणारी मुलं असतात.

"तू नीट देवाचं केलंस की सगळं ठीक होईल." हे सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. यातून मूल देवाशी सौदा करायला शिकतं. पुढच्या वर्षी पुन्हा गारपीट झाली की सौदा मोडतो, आणि त्याच्याबरोबर देवही जातो.

मग काय सांगायचं? साधं आणि खरं. "वादळ आलं, वारा जोराचा होता, म्हणून केळी पडली. देव रागावलेला नाही. आपल्याला वाईट वाटतंय ते देवाला ठाऊक आहे. आपण आजही दिवा लावू, कारण देव आपला आहे." मूल पुन्हा विचारेल, "पण मग देवाने वारा का नाही थांबवला?" तेव्हा "ते मलाही कळत नाही रे, मीही त्याला विचारते" असं म्हणायला माय कचरू नये. आईला सगळं कळतं म्हणून मुलाचा विश्वास बसत नाही. आई खोटं बोलत नाही म्हणून बसतो.

दुसरी पायरी: संकट वयाप्रमाणे सांगा

घरात काही बिघडलंय हे मुलाला सांगावं लागत नाही. चहा गार होतो आणि कोणी पीत नाही, बाबा ओट्यावर उगाच बसून राहतात, एवढ्यावरून त्याला कळतं. आपण काहीच सांगितलं नाही तर ते स्वतःची गोष्ट रचतं, आणि ती बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं पुरतात: काय झालं आणि त्याच्या रोजच्या आयुष्यात काय तसंच राहील. "यंदा पैसे कमी आहेत. पण तू शाळेत जाशील, आपण रोज जेवू, आजी तुझ्याजवळच झोपेल." सहा-सात वर्षांच्या मुलाला कारण थोडं उलगडून सांगा. आठ-नऊच्या पुढचं मूल कर्ज, हप्ता, भाव हे शब्द बाहेरून ऐकून आलेलं असतं. त्याला आकडे नकोत, पण प्रश्न विचारायची मोकळीक हवी. आणि ज्या मुलाला "तू आता मोठा आहेस, तूच घर सांभाळ" असं जिभाऊ लाडाने म्हणतात, त्याच्या खांद्यावर काय चढतं याचा विचार करा. तसं म्हणू नका.

बोलताना घरातली बोली वापरा. अहिराणी असो, लेवा बोली असो, भिलोरी किंवा पावरी असो. देवाबद्दलचं बोलणं पुस्तकी भाषेत गेलं की मुलं गप्प बसून ऐकतात, आणि त्यांचे खरे प्रश्न आतच राहतात.

तिसरी पायरी: न तुटणारी एक लहान सेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे. कठीण काळातली निष्ठा मुलाला शब्दांतून कळत नाही, ती हाताला लागावी लागते. म्हणून प्रत्येक मुलाची स्वतःची एक सेवा ठरवा. संकट येण्याआधीच ठरवलेली असेल तर फार बरं.

ती निवडताना चार गोष्टी पाहा. पाच मिनिटांत होणारी हवी. तिला पैसा लागता कामा नये, म्हणजे हात तंग असताना ती आपोआप बंद पडणार नाही. ती मुलाला एकट्याने जमायला हवी. आणि ती खरी हवी, घरात कोणालातरी उपयोगी पडणारी. तुळशीला तांब्याभर पाणी. संध्याकाळच्या दिव्याची वात करणं. देवापुढे हरिपाठातला एकच अभंग म्हणणं. "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी" चार वर्षांचं मूलही ऐकून ऐकून पाठ करतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा अंगणात पाखरांसाठी परळात पाणी भरून ठेवणं हीसुद्धा देवाचीच सेवा आहे, असं मुलाला स्पष्ट सांगावं. लहानांना ही सेवा विशेष आवडते, कारण चिमणी येऊन पाणी पिते ते डोळ्यांनी दिसतं.

आता अडचणीचे दिवस आले की काय करायचं? सेवा लहान करा, पण बंद करू नका. पाच अभंगांऐवजी एक. फुलं नसतील तर तुळशीचं पान, तेही नसेल तर नुसते जोडलेले हात. बागा पडल्या त्या संध्याकाळी घरातली कोणतीच मोठी बाई देवाकडे वळत नाही, असं होऊ शकतं. त्या दिवशी मुलाला म्हणा, "आज माझं मन लागत नाही. तू लाव दिवा, मी तुझ्याजवळ बसते." वाईट दिवशी घराचा दिवा आपण लावला, ही गोष्ट मूल आयुष्यभर धरून ठेवतं.

घरात मृत्यू झाला, सुतक आलं, तर देवपूजा थांबते. मूल गोंधळतं, "आता देव आपला नाही का?" वारकरी घरात याचं उत्तर सोपं आहे. पूजा थांबते, नाम थांबत नाही. त्या दिवसांत मुलाला मांडीवर घेऊन हळू आवाजात "रामकृष्णहरी" म्हणत राहा.

आणि एखाद्या दिवशी चुकलं तर? काही नाही. दुसऱ्या दिवशी करायचं. "देव रागावेल" असं म्हणून करवून घेतलेली सेवा भीतीची असते आणि ती फार काळ टिकत नाही.

चौथी पायरी: मुक्ताईची गोष्ट, चार बैठकांत

खान्देशातल्या मुलाला हा विषय शिकवायला मुक्ताईइतकं जवळचं कोणी नाही. तिची समाधी आपल्या तापीकाठी, मुक्ताईनगरजवळ कोथळीला आणि मेहुणला पूजली जाते. ती चार भावंडांतली धाकटी, म्हणजे ऐकणारं मूल तिच्या जागी सहज जाऊन बसतं. परंपरेने तिचा जन्म शके 1201 म्हणजे इसवी सन 1279 चा आणि समाधी शके 1219 म्हणजे 1297 ची मानतात. जेमतेम अठरा वर्षांचं आयुष्य. पण गोष्ट एका दमात सांगू नका.

पहिल्या बैठकीत फक्त चार भावंडं: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतले, म्हणून आळंदीतल्या लोकांनी या घराला वाळीत टाकलं. मुलांशी कोणी खेळत नसे, बोलत नसे. इथेच थांबून विचारा, "तुझ्याशी वर्गात कोणी बोललं नाही असं कधी झालं का?" मुलं बोलायला लागतात, आणि तुम्हाला कल्पना नसलेल्या गोष्टी बाहेर येतात. घाई करू नका.

आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, हा भाग सात-आठ वर्षांच्या खालच्या मुलांना तपशिलात सांगू नये. "मग आईवडील गेले आणि चौघं एकमेकांना धरून राहिली" एवढं पुरे. मोठ्या मुलांना सांगताना हे जरूर सांगा की ती शिक्षा अन्यायाची होती, मुलांचा काही दोष नव्हता, आणि देवालाही ती नको होती. हे वाक्य गाळू नका.

दुसरी बैठक माधुकरीची. चौघं घरोघरी मागून आणत, कोणी घालत, कोणी हाकलत. आलेलं वाटून खात आणि भजन करत. इथे मुलांना आपल्या घरातला एखादा साधा पदार्थ वाटून खायला द्या, कळण्याच्या भाकरीचा तुकडा आणि चटणी पुष्कळ झाली. गोष्ट तोंडात चव घेऊन ऐकली की राहते.

तिसरी बैठक ताटीची. हिच्यासाठी पूर्ण संध्याकाळ ठेवा. कोणीतरी अपमान केला, म्हणून ज्ञानदेव दुखावले आणि झोपडीचं दार, म्हणजे ताटी, लावून आत बसले. बाहेर धाकटी बहीण उभी. तिने जे अभंग म्हटले ते ताटीचे अभंग म्हणून आजही गायले जातात. एका मुलाला ज्ञानोबा करा, बाज उभी करून तिची ताटी करा, आणि बाहेरच्या मुलांना विचारा, "आत दादा रुसून बसलाय. तू काय म्हणशील?" कोणी म्हणतं, "बाहेर ये, मी माझं बिस्किट देतो." कोणी म्हणतं, "त्या माणसाला आपण मारू." सगळं ऐकून घ्या. मग मुक्ताई काय म्हणाली ते सांगा:

विश्व रागे झाले वन्ही। संते सुखे व्हावे पाणी॥

सगळं जग रागाने आग झालं, तर आपण पाणी व्हायचं. मुलांना हे लगेच कळतं. एवढी ओळ टाळावर दोन-चार वेळा म्हणून घ्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" म्हटल्यावर आतल्या मुलाने ताटी उघडायची. त्यानंतर उपदेश करू नका. खेळ पुन्हा खेळायचा असेल तर खेळू द्या. ज्ञानोबा व्हायला प्रत्येकालाच हवं असतं.

या प्रसंगात मला मुलांसाठी एक फार मोलाची गोष्ट दिसते. ज्ञानदेवांसारखा संतही दुखावला आणि दार लावून बसला. म्हणजे देवाच्या माणसाला वाईट वाटतं, राग येतो, आणि तरी तो देवाचाच असतो. ज्या मुलाला "रडू नको, देवावर विश्वास ठेव" असं सांगितलं जातं, त्याला रडणं म्हणजे अविश्वास वाटायला लागतं. त्याला ज्ञानदेवांची बंद ताटी दाखवा.

चौथी बैठक चांगदेवांची, म्हणजे थोडी गमतीची. मोठे योगी, वय चौदाशे वर्षं अशी आख्यायिका, आणि त्यांनी गुरू केलं या लहानशा मुक्ताईला. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथलं जुनं दगडी मंदिर मुलांना दाखवा. महाशिवरात्रीला तिथे आणि मुक्ताईनगरला मोठी यात्रा भरते, पण चार-पाच वर्षांचं मूल बरोबर असेल तर गर्दी टाळून थंडीतला एखादा साधा दिवस निवडा. कोथळीच्या मंदिरात मूल शांतपणे बसू शकलं तर तुमची गोष्ट तिथे पूर्ण होते.

काही गोष्टी मागे ठेवा

गोरोबा काकांच्या पायाखाली बाळ तुडवलं गेलं ती कथा आणि श्रियाळ-चांगुणेच्या चिलया बाळाची कथा कीर्तनात मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आणते. लहान मूल त्या कथेत भक्ताच्या जागी नसतं, ते बाळाच्या जागी असतं. "देवासाठी माय मलाही देऊन टाकेल का?" हा विचार त्याच्या मनात येतो आणि ते तो बोलूनही दाखवत नाही. दहा वर्षांपर्यंत या कथा नकोत.

प्रल्हाद-ध्रुव सांगा, पण जोडीला अशाही गोष्टी सांगा ज्यांत देव खांबातून प्रकट होत नाही. तुकोबांच्या काळात 1630 च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला, दुकान बुडालं. चमत्कार झाला नाही. तरी त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवून लोकांची देणी सोडून दिली आणि कीर्तन धरलं. खान्देशातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कर्ज म्हणजे काय ते कळतं, म्हणून ही गोष्ट त्याच्या आत जाते.

पाचवी पायरी: तक्रारीची प्रार्थना

मुलांना प्रार्थना म्हणजे फक्त मागणं किंवा आभार असं वाटतं. तिसरी जात शिकवा, देवाशी भांडणं. नामदेव विठोबाशी भांडत, रुसत. आपल्या परंपरेत याला पूर्ण जागा आहे. झोपण्याआधी मुलाला देवासमोर बसवून म्हणा, "आज विठोबाला काय सांगायचंय? राग आला असेल तर तेही सांग." पहिल्या दिवशी ते लाजेल. नंतर कधीतरी म्हणेल, "तू आमचा बैल का नेलास?" तेव्हा त्याला गप्प करू नका, दुरुस्तही करू नका. त्याचं बोलून झालं की शेवटी एकच ओळ जोडा, "विठ्ठला, तू आमच्याजवळ राहा." रोज हीच ओळ. मुलाला शेवट ठरलेला लागतो.

सहावी पायरी: सेवा उंबऱ्याबाहेर न्या

दुःखातलं घर आत आत जातं. मुलाला त्या आतून बाहेर काढायचा मार्ग म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी काही करणं. आपल्यापेक्षा ज्याचं जास्त नुकसान झालंय त्याच्याकडे मुलाला घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. शेजारच्या म्हातारीला बोरिंगवरून पाण्याची कळशी आणून देणं, आजारी आबांना पेपर वाचून दाखवणं, पडलेल्या बागेत ज्यांना मजूर परवडत नाही तिथे घरच्यांबरोबर पाण्याची बाटली घेऊन जाणं. दर एकादशीला मुलाच्या हाताने मूठभर ज्वारी किंवा तांदूळ एका डब्यात टाका, डबा भरला की तो कोणाला द्यायचा हे मुलालाच ठरवू द्या. श्रावणातल्या कानबाईच्या रोटांसाठी गहू निवडताना, दळताना लेकरांना सोबत घ्या. भाऊबंद एकत्र येऊन जे करतात ते यंदा थोड्या प्रमाणात का होईना पण चुकत नाही, हे ती पाहतात.

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना इथे धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट सांगा. 1932 साली विनोबा भावे तिथे कैदेत होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगितला. त्याच तुरुंगात असलेले साने गुरुजी ते सगळं लिहून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय. मुलांना विचारा, "तुरुंगात देऊळ नव्हतं, मग त्यांनी सेवा कशी केली?" एकाने सांगितलं, एकाने लिहून ठेवलं, बाकीच्यांनी ऐकलं. पुढे मे 1947 मध्ये याच साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. अंमळनेरच्या शाळेत शिकवणारा आपल्या खान्देशचा हा शिक्षक. देवाची सेवा म्हणजे देवापर्यंत सगळ्यांना पोहोचू देणं, हे मुलांना यातून न सांगता कळतं.

नेहमीचं करता आलं नाही तर

मुक्ताईची पालखी आषाढीसाठी महिनाभराहून जास्त चालून बुलढाणा, जालना, बीडमार्गे पंढरपूरला पोहोचते. 2020 साली कोरोनामुळे पायी वारी होऊ शकली नाही. तेव्हा पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने गेल्या. बाकीच्यांनी घरीच हरिपाठ केला. मुलांना हे उदाहरण द्या. यंदा वणीच्या गडावर चैत्रात पायी जाता येत नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांना नवे कपडे नाहीत, सप्ताहाला वर्गणी देता येत नाही, तर आपण काय करू शकतो, हे मुलांनाच सुचवू द्या. त्यांना आपल्यापेक्षा चांगलं सुचतं. कोणी म्हणतं, सप्ताहात चपला नीट लावून ठेवू. ही सेवा पैशांशिवाय होते आणि सगळ्यांच्या उपयोगी पडते.

देव आणि डॉक्टर

शेवटचं, पण अजिबात दुय्यम नाही. मूल कित्येक रात्री झोपत नसेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, शाळेत जायचं नाव काढताच पोट दुखत असेल, मरणाबद्दल पुन्हा पुन्हा बोलत असेल, किंवा घरातल्या कोणी जीव दिलेला असेल, तर फक्त नामस्मरणावर थांबू नका. शाळेतल्या बाईंशी बोला, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. मूल धोक्यात असेल तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. दोन्ही फोन मोफत आहेत. हे करणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही. मुलालाही तसंच सांगा, "डॉक्टरकडे जातानाही विठोबा बरोबर येतो."

घरातल्या मोठ्यालाच जगणं नकोसं झालं असेल, तर त्यानेही त्याच 14416 वर फोन करावा. आणि त्या काळात मुलांची संध्याकाळ आजीकडे, मामाकडे किंवा शेजारच्या काकूकडे सोपवावी. तिथेही त्यांची ती पाच मिनिटांची सेवा चालू राहील असं त्यांना सांगून ठेवावं.